दोन दुर्गा, एक वकील

माझी बायको ही एकच बाई आहे, हे सिद्ध करण्यात मी, व्यवसायाने वकील असूनही, सपशेल हरलो.

यात तिचा काही दोष नाही. ती एकच आहे. इतकी वर्षं जवळून बघतो आहे, दोन असत्या तर हे लिहायला मी उरलो नसतो. घोटाळा झाला तो नावाचा, आणि नावाचे घोटाळे निस्तरणं हेच तर माझं पोट भरायचं साधन! अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. खून, दरोडे, जमिनीचे मोठे दावे असली कामं माझ्या टेबलाच्या दिशेने निघतात आणि वाटेत कुणीतरी त्यांना गाठतं. माझ्यापर्यंत पोचतात ती प्रतिज्ञापत्रं. नावात बदल, मार्कशीट हरवली, शिक्षणात खंड पडला, लग्नाची नोंदणी राहिली. बोला, काय पाहिजे? दहा मिनिटांत हातात! (माझ्या स्वतःच्या लग्नाची नोंदणी राहिली आहे, पण ते जरा पुढे.)

आमच्या घरात माणसं तीन. मी, विनायक खोडके. माझी आई, दुर्गाबाई, वय वर्षं शहात्तर, शिक्षण वलगावच्या शाळेत चौथीपर्यंत, आवाज मात्र पदव्युत्तर. आणि माझी बायको शुभांगी. ती कॉलनीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. मुलगी नोकरीला लागून पुण्याला गेली आणि घरात जरा शांतता आली, असं मला वाटत होतं. त्याच आठवड्यात शुभांगीने माझ्या ताटात भाकरी टाकता टाकता जाहीर केलं,

"मले बी.ए. पुरं कराचं हाये."

"काहून?" मी विचारलं. (नवऱ्याने विचारायचा सगळ्यात चुकीचा प्रश्न. नवोदितांनी नोंद घ्यावी.)

"काहून म्हंजे? दोन वर्षं अकोल्याच्या कॉलेजात काढले म्या. बार्शीटाकळीहून रोज एस.टी.नं जाऊन फर्स्ट क्लास काढला. तिसऱ्या वर्षी तुमी आले पाहाले, अन् बसले पोहे खात!"

"पोहे तुह्या आईनं देल्ले होते."

"दोनदा मांगतले तुमी!"

तिने सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. आमच्या घरापासून ऑटोने पाच-सात मिनिटांवर एक महाविद्यालय आहे. तिथे शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या बायकांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू होणार होते. जुने मार्क धरून सरळ तिसऱ्या वर्षाला प्रवेश. शिवाय जुने मार्क चांगले असतील आणि घरचं उत्पन्न कमी असेल, तर फी पूर्ण माफ आणि पुस्तकंही कॉलेजची.

"एक आताच सांगतो," ती म्हणाली. (आमच्या वऱ्हाडात बायाही 'सांगतो', 'जातो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) "फी माफ झाली तं शिकीन. माह्या मार्काच्या भरोशावर. तुमच्या खिशातून नाई."

"काहून? मी काय नाही म्हनतो काय?"

"तुमी नाही म्हनत नाई हो. खिसा म्हनते."

तेव्हा असं होतं सगळं. फी माफ झाली तर बी.ए., नाही तर पुन्हा पाढे आणि पोरं. आणि शेवटची तारीख महिनाअखेरची.

उत्पन्नाच्या दाखल्याची मला उगीच धास्ती होती. वकील म्हटलं की लोकांना वाटतं, पैशात लोळत असेल. तहसीलमधल्या बाबूने मात्र एकदा माझ्या कोटाच्या कोपरांकडे बघितलं, एकदा माझ्या चपलांकडे बघितलं आणि चौकशीच केली नाही. दाखला हातात देताना वर म्हणाला, "सांभाळून राहा भाऊ." इतकं सोपं सरकारी काम माझ्या आयुष्यात दुसरं झालेलं नाही.

अडकलं ते कॉलेजात. फीमाफीच्या खिडकीत वानखडे मॅडम बसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की माणूस गुन्हा न करताच कबूल करेल.

"मार्कशीटवर दुर्गा नारायण सरोदे. आधारवर शुभांगी विनायक खोडके. ह्या दोघी कोन?"

"दोघी नाही मॅडम, एकच. माझी मिसेस."

"पुरावा?"

"मी स्वतः वकील आहे."

"थे ठीक हाये. पुरावा?"

आता इथे थोडं मागे जावं लागेल. माझ्या बायकोचं माहेरचं नाव दुर्गा. माझ्या आईचंही दुर्गा. पत्रिका छापून आली तरी हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं! ऐन मांडवात, लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट समोर आलं आणि आईला साक्षात्कार झाला. ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा हो बाप्पा! सासूबी दुर्गा अन् सूनबी दुर्गा? घरात दुर्गा म्हून हाक मारली तं दोघीबी उठतीन! नाव बदला!"

तशी सुनेचं नाव बदलायची आमच्याकडे रीतच. नवरदेवाने ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहायचं. पण मी काही तयारी केली नव्हती. भटजी म्हणाले लिहा, मागून कुणीतरी म्हणालं शुभांगी लिही, आणि घामेजलेल्या हाताने मी लिहून मोकळा झालो. फक्त अनुस्वार एक घर अलीकडे पडला. ताटात उमटलं 'शुंभागी'. (शुंभ म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आमच्या लग्नातला माझा फोटो पाहावा.) भटजींनी घाईघाईने वर अक्षता टाकल्या, म्हणून निभावलं.

तर, पुरावा. मी वानखडे मॅडमना म्हणालो, "उद्या प्रतिज्ञापत्र आणून देतो." आणि छाती काढून घरी आलो. शुभांगीला म्हटलं, "तू काही काळजी करू नको. हे तं माह्या डाव्या हाताचं काम हाये."

ते खरोखरच डाव्या हाताने झालं. दुसऱ्या दिवशी टेबलावर गर्दी होती. मी लॅपटॉपमध्ये आईच्या पेन्शनसाठी पूर्वी केलेलं प्रतिज्ञापत्र उघडलं, विषय बदलला, चार ओळी खोडल्या, चार घातल्या आणि छापून काढलं. शुभांगी सही करायला आली तेव्हा तिने तो कागद वाचायला घेतला.

"वाचत काय बसली? सही कर."

"वाचल्याबिगर?"

"कायद्याची भाषा हाये थे. तुले नाही समजनार."

तिने माझ्याकडे एक नजर टाकली, जी मला तेव्हा आदराची वाटली, आणि सही केली. शेजारच्या नोटरीने शिक्का मारला. कागद कॉलेजात पोचला. मी संध्याकाळी स्वतःच्या यशाबद्दल चौकात जाऊन एकट्याने कचोरी खाल्ली.

त्या कागदात काय होतं, हे मी आता शांतपणे सांगू शकतो. तेव्हा नसतं सांगता आलं. 'दुर्गा नारायण सरोदे' असायला हवं होतं तिथे आईच्या कागदातलं 'दुर्गा माधव खोडके' तसंच राहिलं होतं. माधव खोडके म्हणजे माझे वडील. थोडक्यात, माझी आई आणि माझी बायको या दोघी एकच व्यक्ती आहेत, असं मी शपथेवर, शिक्क्यासहित लिहून दिलं होतं!

वानखडे मॅडम काम चोख करणाऱ्या. त्यांनी तो कागद वाचला. 'दुर्गा माधव' हीच 'शुभांगी विनायक'. म्हणजे बाईचे पहिले यजमान माधव आणि आताचे विनायक. बाईंनी दुसरं लग्न केलं, नाव बदललं. ठीक. खात्री करायला त्यांनी अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. तो फोन घरी टीव्हीशेजारी असतो. शुभांगी शिकवणीत होती. फोन आईने घेतला. पुढचा संवाद मला आईने अभिमानाने आणि वानखडे मॅडमनी नंतर कपाळाला हात लावून, असा दोन बाजूंनी सांगितला. दोन्ही तंतोतंत जुळतात.

"हॅलो, दुर्गा माधव खोडके हायेत काय?"

"मीच बोलून राहिली." (आईला वाटलं, पेन्शनवाले. दरवर्षी ती जिवंत असल्याची खात्री करतात.)

"माधव खोडके तुमचे कोन?"

"मालक होते. देवाघरी गेले."

"अन् विनायक खोडके?"

"थो हाये ना! सुट्टीच्या दिवशी दिवसभर सोफ्यावर पडेल असते."

"बरं. वय किती तुमचं?"

"शहात्तर पुरे झाले. जिवंत हाये, लिहून घ्या!"

पलीकडे पेन खाली पडल्याचा आवाज आला म्हणे.

"शहात्तर? अन् आता या वयात तुमची तयारी हाये?"

"म्हंजे काय! दरवर्षी येतो मी. औंदाबी येतो. सांगा कवा येऊ?"

"पंधरा तारखेनंतर या. पायऱ्या चढता येते ना?"

"तुमी नका सांगू मले पायऱ्या! तुमीच मंग खालच्या मजल्यावर बसत जा!"

वानखडे मॅडमनी फोन ठेवला आणि, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या आणि सरळ प्राचार्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

आठवडाभराने मला कॉलेजातून बोलावणं आलं. मी कोट घालून गेलो. वानखडे मॅडम चक्क उभ्या राहिल्या! चहा मागवला!

"तुमी विनायक खोडके? दुर्गाबाईचे मिस्टर?"

"हो," मी म्हणालो. (यात काय खोटं आहे?)

"खरं सांगू काय साहेब, तुमच्यासारखा मानूस नाही पाह्यला. वयातबी बरंच अंतर असन तुमच्यात..."

"छे छे, दोन-तीन वर्षांचं."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. माझ्या केसांवरून त्यांनी काय हिशेब लावला, देव जाणे!

"अन् लोक काही बोलले नाहीत?"

"कशाला बोलतील? उलट कॉलनीत सगळे म्हणतात, हिने आता शिकलंच पाहिजे."

"मोठं मन हाये तुमचं," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नव्या वर्गांच्या उद्घाटनासाठी माझा एक फोटो मागून घेतला. बायकोला शिकू देतो म्हणून कॉलेज माझा सत्कार करणार, असा मी अर्थ घेतला. मला ते योग्यच वाटलं. मी त्यातल्या त्यात चांगला, केस असतानाचा फोटो दिला.

गुरुवारी सकाळी मी कोर्टात पोचलो तर कडुनिंबाखाली ही गर्दी! सगळे वकील हसून हसून एकमेकांच्या खांद्यावर पडत होते.

"या या विनायकराव! अभिनंदन! सांगतलंबी नाही राजेहो!"

"काय?"

"जाऊन पाहा ना कॉलेजच्या फाटकावर!"

मी स्कूटर वळवली. वाटेत घरून शुभांगीलाही मागे बसवलं, कारण नाहीतरी प्रवेशाची यादी त्याच दिवशी लागायची होती. कॉलेजच्या फाटकावर हे भलंमोठं बॅनर झुलत होतं. डाव्या बाजूला माझा केसांसहित फोटो. उजव्या बाजूला फोटोऐवजी एक फुलांचा गुच्छ. आणि मधोमध ठळक अक्षरांत: 'वयाच्या शहात्तराव्या वर्षी बी.ए. अंतिम वर्षात! दुर्गाबाई खोडके व त्यांना खंबीर साथ देणारे त्यांचे पती विनायकराव खोडके यांचा जाहीर सत्कार!'

मी ब्रेक दाबायचंच विसरलो. स्कूटर दगडाला धडकून थांबली आणि आम्ही दोघं बाजूच्या उसाच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसते झालो. लागलं कुणालाच नाही. रसवाल्याने सवयीने दोन ग्लास पुढे केले.

शुभांगी उठून आत गेली. यादी तिने वरून खाली वाचली, मग खालून वर. फी माफ झालेल्या बायांमध्ये पहिलंच नाव होतं, दुर्गा माधव खोडके. शुभांगी कुठेच नव्हती. दुर्गा सरोदेही नव्हती. नावांत काही दुरुस्ती असेल तर शनिवारी दुपारपर्यंत, अशी खाली सूचना होती.

मला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती घरी आली, ओट्याजवळ उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "लग्नात माह्यावालं नाव गेलं, काहून की घरात दुर्गा आधीच होती. आता कॉलेजात गेली तं तेथबी तेच. मी कोठं जाऊ हो? माह्यं नाव घेऊन मले कोठंच जागा नाई काय?"

इतकी वर्षं मी हजारो लोकांना त्यांची नावं परत मिळवून दिली, आणि माझ्या घरातली एक बाई नावाशिवाय भाकरी थापत होती. हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी आपला उभा.

बोलली ती आई. ती सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती. "विनू," ती म्हणाली, "म्या बदलवलं तिचं नाव. मीच आनून देतो. उद्या बार्शीटाकळीची गाडी किती वाजता हाये?"

"बार्शीटाकळी कशाला?"

"तुह्या लग्नाची कॅसेट मनोहरजवळ हाये ना! त्यात म्या नाव बदलवतानी सगळं दिसन. पुराव्याचं वकिलाले मी सांगू काय आता?"

मनोहर म्हणजे माझा मेव्हणा. लग्नाची पत्रिका, दाखला, नोंदणी यातलं आमच्याकडे काहीही शिल्लक नव्हतं. (नोंदणीबद्दल मी आधीच बोललो आहे, पुन्हा लाजवू नका.) पण मनोहरने लग्नाची व्हिडिओ कॅसेट पेटीत, कापडात, डांबरगोळ्यांसकट जपून ठेवली होती. शुक्रवारी आम्ही तिघं एस.टी.ने अकोल्याला, तिथून बार्शीटाकळीला, आणि कॅसेट घेऊन पुन्हा अकोल्याला. आईने अख्ख्या एस.टी.ला सांगितलं, "सुनेचं नाव आनाले चाल्लो!" मूर्तिजापूरपर्यंत कंडक्टरसकट सगळी गाडी आमच्या बाजूने झाली होती. अकोल्यात एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्याने कॅसेट मशीनमध्ये घातली, दोन थापट्या मारल्या आणि सगळं पेनड्राइव्हमध्ये उतरवून दिलं. आम्ही तिथे काही बघितलं नाही, कारण शेवटची गाडी गाठायची होती. बघायला पाहिजे होतं.

शनिवारी सकाळी आम्ही प्राचार्या मॅडमच्या खोलीत. मॅडम, वानखडे मॅडम, आम्ही तिघं आणि टेबलावर कॉम्प्युटर. मी घसा साफ करून उभा राहिलो. "मॅडम, माझ्या अशिलाच्या वतीने..."

"खाली बसा," शुभांगी म्हणाली.

पेनड्राइव्ह लावला. मांडव दिसला, पिपाण्या वाजल्या, मनोहर मिशीविना दिसला. मग आईचा तो आवाज, जसाच्या तसा: "घरात दुर्गा म्हून हाक मारली तं दोघीबी उठतीन! नाव बदला!" आई खुर्चीत ताठ झाली. "पाह्य! मीच थे! किती जवान होती!" वानखडे मॅडमचा चष्मा नाकावरून वर सरकला. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघू लागलो. आता फक्त तांदळाचं ताट दिसायचं बाकी होतं.

ताट दिसलं. कॅमेरावाला त्या काळचा, त्याला हौस! त्याने ताट पडदाभर मोठं केलं आणि स्थिर धरलं. भटजींच्या अक्षता पडायच्या आत सगळ्यांना नीट वाचता आलं.

"शुंभागी," वानखडे मॅडमनी मोठ्याने वाचलं. "आता ह्या कोन?"

म्हणजे आत्तापर्यंत दोन बायका होत्या, मी पुरावा दिल्यावर तीन झाल्या! प्राचार्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही खरंच वकिली करता?" मी होकारार्थी मान हलवली, पण आतून मलाही शंका यायला लागली होती.

तेव्हा शुभांगीने पिशवीतून दोन कागद काढले. एक माझ्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स. त्यावर तिने, शिकवणीतल्या पोरांच्या वह्या तपासते तसं, लाल पेनाने गोल गोल केले होते. खाली शेरा होता: 'न वाचता लिहिले. पुन्हा लिहून आणणे.' दुसरा कागद तिने सकाळी स्वतः लिहून, शिक्का घेऊन आणला होता. प्राचार्या मॅडमनी तो मोठ्याने वाचला:

'मी शपथेवर सांगते की माझ्या आईवडिलांनी माझे नाव दुर्गा ठेवले. वडील नारायण सरोदे. त्याच नावाने मी अकोल्याला दोन वर्षे शिकले. लग्नात माझ्या नवऱ्याने मला शुभांगी हे नाव दिले व तेही चुकवून लिहिले. माझ्या सासूबाईंचे नाव दुर्गा असून त्या वेगळ्या आहेत व इथे हजर आहेत. नावे बदलली, बाई तीच आहे. पदवी मला दुर्गा या नावाने हवी.'

प्राचार्या मॅडमनी कागद खाली ठेवला.

"इतकं स्पष्ट प्रतिज्ञापत्र मी आजवर वाचलं नाही. कोणत्या वकिलाने करून दिलं?"

"म्याच लिहिलं."

"आणि आधीचं?"

यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आईसुद्धा! मी कॉम्प्युटरमधल्या ताटाकडे बघत बसलो.

प्राचार्या मॅडमनी मार्कशीट उघडली. "इतिहासात फार छान मार्क आहेत. इतक्या वर्षांत काही आठवतं का?"

एवढंच विचारायची खोटी! जे सुरू झालं ते थांबेचना. बार्शीटाकळीच्या जुन्या देवळापासून निघाली ती गाविलगडावर जाऊन पोचली, आणि तिथून कुठे कुठे. पाढे शिकवणारी माझी बायको ही नव्हेच! मी तिला पहिल्यांदा बघत असल्यासारखा बघत होतो. (या वेळी समोर पोहे नव्हते, त्यामुळे लक्ष लागलं.) आई माझ्या कानात म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं, "विनू, तुह्यापेक्षा लय हुशार हाये रे हे!"

वानखडे मॅडमनी यादी घेतली, 'दुर्गा माधव खोडके' वर काट मारली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'दुर्गा नारायण सरोदे. फी माफ.' मग सही केली, शिक्का मारला. शिक्क्याचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. आयुष्यात इतके शिक्के ऐकले, पण असा एकही नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"अन् माह्यं नाव काटलं?" आईचा आवाज.

"आजी, तुमचं चौथीपर्यंत शिक्षण..."

"मंग! पाचवीपासून पुढचंच तं राह्यलं! बॅनर लावलं ना तुमी माह्या नावाचं? मले पायऱ्याचं विचारलं ना?"

प्राचार्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, मागच्या बाकावर बसून ऐकायला कुणाची हरकत नाही. आई वर्षभर सुनेच्या मागच्या बाकावर बसली. एकही तास बुडवला नाही. सर चुकले तर ती "नाही बाप्पा, काल तुमी येगळं सांगतलं" असं म्हणायची, आणि सर वही काढून बघायचे. त्या वर्षी घरातला स्वयंपाक संध्याकाळी मी करत होतो. भाकऱ्यांचे आकार पाहून आई म्हणायची, "हे भूगोलात येते."

आणि निकाल! शुभांगी, नव्हे, दुर्गा, विशेष प्रावीण्यासह पास झाली, आणि इतिहासात वर्गात पहिली. आईला नियमित उपस्थितीचं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. तो तिने देव्हाऱ्यात ठेवला. कॉलेजने पुन्हा बॅनर लावलं. या वेळी त्यावर दोघींचे फोटो होते. माझा नव्हता. मी विचारलं, तर वानखडे मॅडम म्हणाल्या, "जागा नव्हती. अन् साहेब, तुमचं एकदा लागलं होतं ना!"

त्या संध्याकाळी आईने देवापुढे तांदळाचं ताट मांडलं. स्वतःच्या बोटातली अंगठी काढली आणि सुनेच्या हातात दिली. "मी घेतलं होतं, मीच वापस देतो. लिही पोरी. तुह्या हातानं." शुभांगीने तांदळात लिहिलं, दुर्गा. अक्षर सुरेख, उकार जागच्या जागी. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून भरपूर रडल्या, आणि मी त्या तांदळाचा भात लावला.

आता आमच्या घरात दोन दुर्गा आहेत. लग्नात आईला भीती होती की हाक मारली तर दोघीही उठतील. आईची भीती निराधार निघाली. मी रोज सकाळी सोफ्यावरून हाक मारतो, "दुर्गा, जरा चहा!" आई म्हणते, "तुले बोलावते वं." बायको म्हणते, "नाई आई, तुमालेच." आणि दोघीही जागच्या हलत नाहीत. मग उठतो तो शुंभ.